पासबुकात पैसे, हिशोबात तोटा : शेतीची आर्थिक पत्रकं घरी कशी मांडायची आणि वाचायची

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आणि दोन एकर उन्हाळ कांदा. मी लग्न होऊन आले तेव्हा घरचा हिशोब म्हणजे सासऱ्यांच्या, आबांच्या खिशातली डायरी आणि बँकेचं पासबुक. गेली अकरा वर्षं पत्रकं मी मांडते. बचत गटातल्या दहा-बारा जणींच्या घरचीही मांडून दिली आहेत. या सगळ्या काळात एक सल्ला मी इतक्यांदा ऐकला की आता ऐकवत नाही : "शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग हिशोब कशाला?" हिशोब आयकरासाठी करायचा नसतोच. एप्रिलमध्ये खरड छाटणीला, म्हणजे द्राक्षाच्या नव्या हंगामाच्या पहिल्या छाटणीला, हात घालताना आपल्या हाताशी खरोखर काय आहे, हे कळण्यासाठी तो करायचा असतो.

१. कागद गोळा करा

बिलं, व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, कर्जाचे खातेउतारे, मजुरीची वही. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

२. तीन पत्रकं वेगळी ओळखा

नफा-तोटा पत्रक हंगामात कमावलं की गमावलं ते सांगतं. ताळेबंद एका ठरावीक दिवशी आपलं काय आहे आणि देणं किती आहे ते दाखवतो. रोकड पत्रक पैसा कधी आला आणि कधी गेला ते सांगतं. तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. पासबुक फक्त तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देतं.

३. वर्ष ३१ मार्चलाच संपवा

आमच्याकडे जुनी माणसं दिवाळी ते दिवाळी वर्ष धरतात, वहीपूजनाला नवी वही उघडतात. पूजा जरूर करा, पण द्राक्षाचं वर्ष तिथे तोडू नका. दिवाळीत गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, नुकतीच झालेली असते, सगळा पैसा बागेत गाडलेला असतो आणि दुकानाची उधारी चढत असते. त्या दिवशीचा ताळेबंद दरवर्षी भीतीच घालणार. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार होते, पुढे त्याच काडीवर घड लागतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये माल निघतो. म्हणजे एप्रिल ते मार्च हे द्राक्षाचंच वर्ष आहे, बँकेचंही तेच. बागलाण तालुक्यातल्या आगाप, म्हणजे लवकर माल देणाऱ्या, बागाही या चौकटीत बसतात. उशिराच्या बागांचा थोडा माल एप्रिलमध्ये सरकतो, त्याचं कसं करायचं ते खाली येईलच.

४. पासबुकातून नफ्यापर्यंत

इथे मी पहिली दोन वर्षं अडकले होते, म्हणून इथे वेळ घ्या. बाकीच्या पायऱ्या एका संध्याकाळी होतात. हिला दोन दिवस लागले तरी चालतील.

आमच्या एका वर्षाचे आकडे गोल करून देते. आदल्या ३१ मार्चला खात्यात ६० हजार होते, त्या ३१ मार्चला ३ लाख. आबा म्हणाले, "सूनबाई, २ लाख ४० हजार वाढले. पैसा दिसतोय ना डोळ्यांना?" मलाही दिसत होता. त्या भरवशावर आम्ही आणखी एक एकर बागेच्या मांडवासाठी लोखंडी अँगल आणि तार ठरवून टाकली. जूनमध्ये मी नीट मांडणी केली तेव्हा ती अशी निघाली :

खात्यात वाढ : २,४०,०००
मागच्या हंगामाच्या द्राक्षाचे, मे महिन्यात आलेले पैसे : वजा ३,१०,०००
पीककर्जाची वाढीव उचल : वजा १,००,०००
दुकानाच्या उधारीतली वाढ : वजा १,९०,०००
ट्रॅक्टरच्या हप्त्यांतलं मुद्दल : अधिक १,२०,०००
घरखर्चासाठी काढलेले : अधिक १,८०,०००
या हंगामाच्या द्राक्षाची येणी (माल गेला, पैसे यायचे) : अधिक १,६०,०००
शेडमधल्या खत-औषधांच्या साठ्यातली वाढ : अधिक २०,०००
बाग आणि ट्रॅक्टरचा घसारा (वापराने वर्षाला कमी होणारी किंमत) : वजा १,७०,०००
उरलं : ५० हजारांचा तोटा

पासबुक २ लाख ४० हजार वाढ सांगत होतं आणि त्याच वर्षी बागेने आमचे ५० हजार खाल्ले होते. ही बेरीज-वजाबाकी कागदावर स्वतः एकदा करा, नुसती वाचून सोडू नका. आता एकेक ओळ.

मागच्या हंगामाचा पैसा या वर्षाची कमाई नाही, तो फक्त या वर्षी पोहोचला. प्रत्येक जमेसमोर आधी हेच विचारायचं : हा माल कोणत्या हंगामात तोडला? एप्रिलमध्ये निघालेल्या उशिराच्या मालालाही हाच नियम, तो पुढच्या वर्षात. पण मग त्या प्लॉटवरचा आतापर्यंतचा खर्चही त्याच्याबरोबर पुढे न्यायचा. खर्च या वर्षात आणि विक्री पुढच्या वर्षात असं केलंत तर दोन्ही वर्षं खोटी ठरतात.

कर्ज मिळणं म्हणजे उत्पन्न नाही, मुद्दल फेडणं म्हणजे खर्च नाही. खर्च फक्त व्याजाचा. घरखर्चाला काढलेले पैसेही बागेचा खर्च नव्हेत, म्हणून ते परत मिळवायचे. वाक्य सोपं आहे, पण मार्चअखेरचं नवं-जुनं यात सगळ्यांना फसवतं. चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे आणून जुनं कर्ज भरायचं, नवी उचल घ्यायची आणि आणलेले परत करायचे. पासबुकात लाखांच्या आकड्यांच्या चार नोंदी पडतात आणि कमाईशी त्यातल्या एकीचाही संबंध नसतो. आमचं ३ लाखांचं कर्ज त्या नव्या-जुन्यात ४ लाखांचं झालं होतं आणि वरचा १ लाख आम्ही सगळे उत्पन्नात धरून बसलो होतो. नव्या-जुन्याच्या नोंदींवर पेन्सिलने गोल करा आणि त्यांना नफा-तोट्यात येऊच देऊ नका. चार दिवसांच्या पैशांना जे व्याज मोजलं, तेवढंच खर्चात घ्या.

दुकानाची उधारी हा न दिसणारा खर्च. डाऊनी आणि भुरी या रोगांची औषधं, पाण्यात विरघळणारी खतं, घड औषधात बुडवण्याचं म्हणजे डिपिंगचं सामान बागेत वापरून संपलेलं असतं, बिल मात्र माल गेल्यावर भरायचं असतं. पैसे दिले नाहीत म्हणून खर्च झाला नाही, असं होत नाही. ३१ मार्चला दुकानदाराकडून खातेउतारा मागून घ्या. तोंडी आकडा घेऊ नका. रोखीचा आणि उधारीचा दर वेगळा असेल तर त्यातला फरक औषधाच्या खर्चात दडवू नका, तो व्याजाच्या ओळीत लिहा. वर्षाचं असं व्याज एकत्र पाहिलं की पीककर्जाची मर्यादा आधी वापरायची की दुकानाचं खातं, हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही.

येणी लिहिताना मन घट्ट करा. त्या १ लाख ६० हजारांपोटी एका व्यापाऱ्याचा धनादेश होता. तो वटला नाही, माणूस फोन उचलेना, पैसे कधीच आले नाहीत. म्हणजे त्या वर्षाचा खरा तोटा २ लाख १० हजार. तरीही मी पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात ती रक्कम येणी म्हणून ठेवली होती, कारण ती खोडायला हात होईना. असं करू नका. आता माझा नियम पक्का आहे : वजनाची चिठ्ठी आणि सही नसेल तर ते येणं धरायचं नाही, तीन महिने उलटले की निम्मं खोडायचं आणि पुढच्या ३१ मार्चला सगळं. खोडलं म्हणजे सोडून दिलं असं नव्हे. पैसे आले तर आले त्या वर्षी वेगळ्या ओळीत जमा करा.

साठा मोजायला मी ३१ मार्चला संध्याकाळी वही आणि बॅटरी घेऊन शेडमध्ये जाते. शून्य-बावन्न-चौतीस या खताच्या सात गोण्या, अर्धी फोडलेली एक, सल्फरचे डबे, शेणखताचे उतरलेले दोन ट्रॅक्टर. हे पैसे या वर्षी गेले असले तरी कामाला पुढच्या वर्षी येणार, म्हणून ते या वर्षाच्या खर्चातून वगळायचे. कांद्याचं थोडं वेगळं असतं. मार्चअखेर उन्हाळ कांदा अर्धा जमिनीत आणि अर्धा ढिगाला असतो. त्याची किंमत लासलगावच्या आजच्या भावाने अजिबात लावू नका. चाळीत गेल्यावर तो वाळतो, सडतो, त्याला कोंब फुटतात आणि भाव तर आठवड्यात बदलतो. त्याच्यावर आजवर झालेला खर्च तेवढीच त्याची किंमत. भाव खर्चाच्याही खाली गेलेला असेल तर मग भावाने धरा.

घसाऱ्याला घरात सगळ्यात जास्त विरोध होतो, कारण हे पैसे खिशातून जाताना कुणी पाहिलेले नसतात. बाग उभी करताना खुंटरोप, कलम, मांडव, ठिबक यांवर केलेला खर्च त्या वर्षाचा नसतो. वेल हे माल देणारं यंत्र आहे. आमची १५ लाखांची बाग १५ वर्षं चालेल असं धरून मी वर्षाला १ लाख लावते, ७ लाखांच्या ट्रॅक्टरला १० वर्षं धरून ७० हजार. ठिबकला अनुदान मिळालं असेल तर ते आधी किमतीतून वजा करा. घसारा न धरणाऱ्या घरात बाग म्हातारी होते तेव्हा नवी लावायला पैसा नसतो आणि पुन्हा कर्ज निघतं. हे मी तीन घरांत पाहिलं आहे.

राहिली घरच्यांची मजुरी. घडातले जादा मणी काढायच्या विरळणीला मी, जाऊबाई आणि सासूबाई महिनाभर बागेत असतो. ती मजुरी पत्रकाच्या तळाशी वेगळ्या ओळीत लिहा, गावातल्या रोजाच्या दराने. हमीभावासाठी केंद्राचा कृषी मूल्य आयोग पिकांचा खर्च काढतो, तेव्हा रोखीच्या खर्चाच्या पुढे घरच्या मजुरीची बेरीज वेगळी दाखवतो. आपणही तसंच करायचं. नफा त्या मजुरीपेक्षा कमी असेल तर घरच्या बायका-माणसांनी वर्षभर रोजापेक्षा कमी दरात काम केलं, हे कागदावर तरी यायला हवं.

५. ताळेबंद

वरचं काम झालं असेल तर हा जवळजवळ तयारच असतो. डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. माझं म्हणणं एवढंच की जमीन वेगळ्या चौकटीत ठेवा. नाशिकच्या आसपास रस्त्यालगतच्या जमिनीला गुंठ्यावर भाव सांगतात. तो आकडा मालमत्तेत घातला की कितीही कर्ज लहान दिसतं, पण दुकानदाराला आपण गुंठा तोडून देणार नसतो. आधी वर्षभरात येणारं आणि वर्षभरात द्यायचं एवढंच समोरासमोर ठेवा : बँकेतली शिल्लक, खात्रीची येणी आणि साठा एका बाजूला, पीककर्ज, उधारी आणि वर्षातले हप्ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू जड असेल तर त्या वर्षी नवा मांडव, नवी गाडी असं काही ठरवू नका.

६. रोकड

बारा महिन्यांचे बारा रकाने. खर्च जवळपास प्रत्येक महिन्यात असतो, द्राक्षाची जमा मात्र तीन-चार महिन्यांतच येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला किती लागतील ते मे महिन्यातच बाजूला काढा. आम्ही अँगलमध्ये घातलेल्या पैशांमुळे त्या ऑक्टोबरला मजुरांची उचल द्यायला व्याजाने पैसे आणावे लागले होते.

यंदाचा ३१ मार्च हुकला असेल तर पुढच्याची वाट पाहू नका. दुकानाचा आणि बँकेचा उतारा मागच्या तारखेचाही मिळतो, येणी चिठ्ठ्यांवरून जुळतात. साठ्यासाठी आज शेडमध्ये मोजा, एप्रिलपासून वापरलेलं त्यात मिळवा आणि नंतर आणलेलं वजा करा. गोणी-दोन गोण्यांचा फरक पडला तरी चालेल, उधारीचा आकडा मात्र पैशापर्यंत जुळवा.