मणक्यातलं इंजेक्शन घ्यायच्या आधी एवढं विचाराच

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आमच्या आप्पांची कंबर धरली. डाव्या पायात पार टाचेपर्यंत कळ जायची, तासगावात गोळ्या झाल्या, मालिश झालं, शेवटी मिरजेला एमआरआय काढला तर नस दबलीय म्हणाले आणि मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. घरात सगळ्यांचं एकच, इंजेक्शनच तर आहे, ऑपरेशन थोडीच आहे. इथंच माणूस गाफील राहतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं म्हणजे गरज आहे का ते विचारा. सायटिका, म्हणजे नस दबून कंबरेतून पायात जाणारी कळ, बऱ्याच जणांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. पायात जाणाऱ्या कळेला या इंजेक्शननं थोडा आणि थोड्या दिवसांचाच आराम पडतो. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं असेल आणि कॅन्सरसारखं कारण नसेल तर ही इंजेक्शनं देऊ नयेत असं बीएमजे या मेडिकल जर्नलच्या 2025 च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट म्हटलंय, दुखण्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांना ते पटलेलं नाही, म्हणजे वाद आहे. तेव्हा सरळ विचारायचं, पायासाठी देताय का कंबरेसाठी, किती दिवस आराम पडेल, नाही घेतलं तर काय होईल. नीट उत्तर मिळेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका, आम्ही आधी एका ठिकाणी घाईत न वाचताच केली होती आणि अजून ते मनाला लागतं.

मग गोळ्या. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, काढे आणि लसणाच्या कॅप्सूलसुद्धा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती सांगायलाच पाहिजे, कारण मणक्याच्या अरुंद जागेत रक्त साचलं तर नसांवर दाब येऊन पायातली ताकद जाऊ शकते. क्लोपिडोग्रेल साधारण 7 दिवस आणि वॉरफॅरिन 5 दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट बसवलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं एक दिवससुद्धा बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. शुगर असेल तर स्टिरॉइडनं ती काही दिवस वाढते, घरी तपासत राहायचं. ताप किंवा कुठं पू असेल तर लपवू नका, तारीख पुढं ढकलतात, ते बरंच.

आता जागेचं, म्हणजे सुई कुठल्या बाजूला द्यायची ते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची यादी काढली, भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर काढण्याआधी असं तीनदा थांबून मोठ्यानं विचारायचं. दिल्लीसकट 8 शहरांत वापरून बघितली तर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले, गुंतागुंत 11 वरून 7 वर. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, फक्त थांबून विचारणं. आप्पांना आत नेताना सिस्टरनी फाइल छातीशी धरून विचारलं, आजोबा नाव सांगा, कुठला पाय? आप्पा म्हणाले, "आरं डावाच की, उजव्याला काय धाड भरलीय?" सिस्टरनी फाइल उघडली, त्यात उजवा लिहिलेलं. तिथंच थांबल्या, डॉक्टरांना बोलावलं, एमआरआय परत बघितला आणि पेननं डाव्या बाजूला खूण केली. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, नाव, बाजू, ॲलर्जी, आणि खूण करून घ्या.

सी-आर्मवर, म्हणजे चालू एक्स-रेच्या पडद्यावर, बघून देणार का तेही विचारा, अंदाजानं दिलेलं नको. पूर्ण झोपवा म्हणून हट्ट धरू नका, जागं असलं की पायात करंट गेल्यासारखं झालं तर लगेच बोलता येतं.

घरी न्यायला माणूस पाहिजे, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं 2014 मध्येच सांगितलंय की क्वचित, पण नजर जाणं, पक्षाघात असं गंभीर होऊ शकतं. पाय लुळा पडला, लघवी अडकली किंवा कळेना झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, ताप आला, उठून बसलं की डोकं फुटायला लागलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि बंद केलेली गोळी परत कुठल्या तारखेला चालू करायची ते निघायच्या आधी कागदावर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही.