हायब्रिडचा झटका नेमका कुठला?
इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही गाडी चालवतात) ई-सीव्हीटी हे ट्रान्समिशन असतं; बदलायला ठरावीक गिअरच नसतात. म्हणून ग्राहक ज्याला गिअर 'शिफ्टिंगचा झटका' म्हणतो, तो कधी बसतो ते आधी पकडायचं. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) इंजिनचा आरपीएम, दोन्ही मोटरांचा वेग, बॅटरीचा चार्ज आणि तापमान रेकॉर्ड करा. स्क्रीन शेजारी बसलेल्याने बघायची. सिग्नलवरून हळू निघा. इंजिन सुरू होतानाच हादरा आला, तर माउंट (इंजिनला धरणारे रबरी आधार) आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) तपासा. गाडी थांबता थांबता आला, तर संशय ब्रेकवर: तिथे वेग कमी करायचं काम मोटरकडून ब्रेक पॅडकडे जातं. आउटर रिंग रोडवर अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो. ती क्लचची घसरण नव्हे, ई-सीव्हीटीची सवयच तशी. नागपूरच्या मे महिन्यात ताकद कमी वाटली, तर ट्रान्समिशनला हात लावण्याआधी बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी धुळीनं तुंबली आहे का ते बघा.