हिमनदीजवळची कनू-सफर निवडताना
पुण्याहून अलास्का क्रूझला निघालात आणि जूनो बंदराला उतरून मेंडेनहॉल हिमनदीच्या तळ्यात कनू-सफर (कनू म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी) करायचीय? नुसते फोटो बघून पैसे भरू नका. वल्हं आपण किती वेळ मारायचं आणि जहाज सोडल्यापासून परत येईपर्यंत किती तास, ते आधी विचारा. सफर क्रूझ कंपनीकडून न घेता बाहेरून घेतलीत आणि उशीर झाला, तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. हिमकडा कधीही कोसळतो. ‘अगदी जवळ नेतो’ म्हणणाऱ्यापेक्षा अंतर राखणारा वाटाड्या बरा. पाणी बर्फगार असतं. सिंहगडावर पावसात खपून जाणारी जीन्स इथे नकोच, भिजली की वाळत नाही. आत लोकरी थर, वर रेनकोट. आईबाबा सोबत असतील तर त्यांच्या गुडघ्यांना विचारा, कनू बुटकी असते.