गेम ऑफ थ्रोन्स दुसऱ्यांदा बघताय? मग एक वही घेऊन बसा

आधीच सांगते, स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांनी बघितलीच नाहीये त्यांनी इथूनच परत फिरा.

ही राजगादीसाठी भांडणाऱ्या घराण्यांची मालिका पहिल्यांदा बघताना आपण कोण मेलं कोण वाचलं एवढंच बघतो, ७३ एपिसोड कसे संपतात कळत पण नाही. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो, म्हणून खरी मजा तेव्हाच. फक्त सगळ्यांवर लक्ष ठेवायला जाऊ नका, घोळ होतो. एक-दोन पात्रं निवडा आणि प्रत्येक मोठ्या सीननंतर तुमचं त्या माणसाबद्दलचं मत एका ओळीत वहीत लिहा.

मी जेमी लॅनिस्टर घेतला होता. पहिल्या एपिसोडच्या शेवटी तो लहानग्या ब्रॅनला खिडकीतून ढकलतो, मी लिहिलं 'नालायक'. मग येतो सीझन ३ चा पाचवा एपिसोड, तो हौदातला सीन. हात तुटलाय, सगळीकडे वाफ, आणि तो ब्रिएन नावाच्या लढवय्या बाईला सांगतोय की वेडा राजा अख्खं शहर वाइल्डफायरने (न विझणारी हिरवी आग) जाळायला निघाला होता म्हणून मी त्याला मारलं, आणि त्याच कामासाठी लोक त्याला आयुष्यभर 'किंगस्लेअर', म्हणजे राजाचा मारेकरी, म्हणून हिणवतायत. इथे पॉज करा. बहुतेक जण आधीचं 'नालायक' खोडून 'बिचारा' लिहितात आणि तिथेच चुकतं. खोडायचं नाही, खाली लिहायचं. ब्रॅनचे पाय काही परत येत नाहीत आणि शहरातली लाखो माणसंही याच माणसामुळे जिवंत आहेत, दोन्ही ओळी एकाच पानावर राहू द्या.

आता रूपकं, म्हणजे गोष्टीत खऱ्या जगातलं काय दिसतं ते. लॅनिस्टर घराणं म्हणजे लँकेस्टर, स्टार्क घराणं म्हणजे यॉर्क, हा इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या वॉर्स ऑफ द रोझेसवाला खेळ पाच मिनिटांत संपतो, त्यात फार अडकू नका. त्यापेक्षा टाळ्यांचा सीन झाल्यावर पुढे काय होतं ते शोधा. ड्रॅगनवाली राणी डॅनेरिस मिरीन शहरातल्या गुलामांना मुक्त करते, आपण खूश. पण सीझन ४ च्या शेवटच्या एपिसोडमध्ये एक म्हातारा दरबारात येतो, मालकाच्या पोरांना शिकवायचा तो, घरात मान होता, आता निवाऱ्यात झोपतो तर तरुण पोरं मारतात, लुबाडतात. तो म्हणतो मला परत मालकाकडे विकून घेऊ द्या. ती वर्षभराच्या कराराची परवानगी देते आणि तिचा सल्लागार बॅरिस्टन लगेच म्हणतो की मालक याचा फायदा घेणार, हे लोक नावापुरते मुक्त राहणार.

हे वाचलंय आपण कुठेतरी! ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना दमडी नाही, उलट 'अप्रेंटिस' म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबायचं. आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून करारावर मजूर नेले ते भारतातून, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. अ‍ॅग्रीमेंटचं झालं गिरमिट. मालिकावाल्यांच्या डोक्यात मॉरिशस होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण तो म्हातारा मागतोय ते गिरमिटच की.

दुसरी युक्ती म्हणजे रूपक कुठे तुटतं ते बघणं. व्हाइट वॉकर, म्हणजे उत्तरेकडून मेलेल्यांची फौज घेऊन येणारे ते बर्फाळ राक्षस, म्हणजे हवामान बदल, हे सगळेच म्हणतात आणि बऱ्यापैकी बसतंही, संकट दारात आणि हे खुर्चीसाठी भांडतायत. पण स्टार्कांची आर्या त्यांच्या राजाला एक सुरा खुपसते आणि सगळं खल्लास. तापमानवाढीला असा सुरा कुठून आणणार? ड्रॅगनचं मात्र उलट आहे, मूळ पुस्तकांचा लेखक मार्टिन याने स्वतः त्यांची तुलना अण्वस्त्रांशी केलीय आणि २०२२ च्या हाउस ऑफ द ड्रॅगनमध्ये (याच्या आधीच्या काळाची मालिका) ती आणखी घट्ट बसते, राजपुत्र एमंडला भाच्याला, ल्यूकला, नुसतं घाबरवायचं असतं पण त्याची ड्रॅगन व्हेगार ऐकतच नाही, ल्यूक त्याच्या ड्रॅगनसकट मारला जातो आणि मग युद्धाला कोणी थांबवू शकत नाही.

शेवटचा सीझन ६ एपिसोडमध्ये उरकला हे मलाही मान्य, पण शेवटी अख्खं शहर जाळणारी डॅनेरिस एकदम बिघडली म्हणणाऱ्यांनी सीझन ४ परत काढा. मिरीनच्या मालकांनी मारलेल्या १६३ गुलाम पोरांच्या बदल्यात ती १६३ मालकांना खिळे ठोकून मारते, कोणी काय केलं होतं ते विचारतच नाही. मग त्यातल्याच एका मालकाचा मुलगा हिझ्दार येतो, बापाचं प्रेत मागायला, आणि कळतं की तो बाप पोरांना मारायच्या विरोधात बोलला होता. मी तोवर वहीत 'बरं झालं, असंच पाहिजे' लिहून बसले होते, वर दोन उद्गारचिन्हं. खोडायचं नाही असं ठरलंय म्हणून अजून तसंच आहे.