गॅलरी किती बाहेर काढावी?

गॅलरीची भिंतीबाहेरची लांबी दुप्पट केली की मुळाशी स्लॅबच्या वजनाचा ताण चौपट होतो आणि, जाडी तीच राहिली तर, टोकाचं झुकणं सोळापट. म्हणून आधी जाडी ठरवा. आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाचा प्राथमिक हिशोब आहे लांबी भागिले 7. म्हणजे 1.2 मीटरला सळईच्या मध्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत साधारण 170 मिलिमीटर. दीड मीटरच्या पुढे मी नुसत्या स्लॅबवर भरवसा ठेवत नाही, बीम घेतो.

मुख्य सळई वरच्याच बाजूला हवी, आणि आतल्या स्लॅबमध्ये निदान बाहेरच्या लांबीइतकी, मी तर दीडपट नेतो. दादरच्या एका साइटवर चेअर, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे घोडे, कमी पडल्या होत्या. माणसं सळईवरून चालली आणि जाळी दोन बोटं खाली बसली. दिसायला एवढंसं, पण जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद गेली! भरणी थांबवून सगळी जाळी पुन्हा बांधून घेतली.

समुद्राची खारी हवा थेट लागत असेल तर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 45 मिलिमीटर.

टेकू काढताना टोकाकडून भिंतीकडे या. भिंतीजवळचे आधी काढलेत तर स्लॅब दोन टोकांवर टेकतो आणि खालून तडकतो. तिथे सळई नसते.