नेबर टेबल पुसण्याआधी वाचा: एआरपी नोंदी हाताळताना या चुका टाळा

सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं. आयपी जुनाच ठेवला, केबल खोचली, दिवे लुकलुकले. सगळ्या मशीनवरून सर्व्हर मिळाला, फक्त बॅकअपच्या मशीनवरून पिंग जाईना. मी केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, फायरवॉल दोनदा उलगडून पाहिली. एआरपी टेबल, म्हणजेच कोणत्या आयपीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कोणता हे सांगणारं नेबर टेबल, फ्लशही (रिकामंही) करून झालं. अख्खी दुपार गेल्यावर ते टेबल दाखवणाऱ्या ‘आयपी नेबर शो’चं आउटपुट एकदाचं नीट वाचलं, तर सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी लिहिलेलं: परमनंट. ती नोंद दोन वर्षांपूर्वी मीच स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घातली होती, जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्यासकट. आणि नुसता फ्लश परमनंट नोंदींना हातच लावत नाही.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. ‘नेबर’च्या स्पेलिंगमध्ये यू असो वा नसो, लिनक्सला दोन्ही चालतात.)

मशीनला आपल्याच नेटवर्कमधल्या कुणाला पॅकेट द्यायचं तर नुसता आयपी पुरत नाही, मॅक पत्ता लागतो. आयपीव्ही४ मध्ये तो एआरपी विचारून आणतो. हा प्रोटोकॉल १९८२ च्या आरएफसी ८२६ मधला. आयपीव्ही६ मध्ये तेच काम नेबर डिस्कव्हरी करतं. मिळालेली उत्तरं ज्या तक्त्यात ठेवली जातात ते हे नेबर टेबल. बहुतेक वेळा त्याला हात लावायची गरजच नसते, आणि पुढच्या निम्म्या चुका हात लावल्यामुळेच होतात.

‘स्टेल’ म्हणजे बिघाड नव्हे

सर्वांत जास्त घाबरवणारा शब्द हाच. टेबलात वीसपैकी पंधरा ओळी स्टेल दिसल्या की नवखा माणूस लगेच फ्लश मारतो. स्टेलचा अर्थ इतकाच की मॅक पत्ता माहीत आहे, पण अलीकडे त्याची खात्री झालेली नाही. लिनक्समध्ये नोंद ‘रीचेबल’ (खात्री झालेली) राहण्याचा मूळ काळ ३० सेकंदांचा, आणि तोही मुद्दाम १५ ते ४५ सेकंदांच्या दरम्यान कमी-जास्त केला जातो. तेवढ्यात बोलणं झालं नाही की नोंद स्टेल.

स्टेल नोंदीवर पॅकेट पाठवलं तर ते अडत नाही. आहे त्याच मॅकवर लगेच जातं आणि नोंद ‘डिले’मध्ये जाते. ५ सेकंदांत समोरून काही हालचाल कळली, उदाहरणार्थ टीसीपीची पोच आली, तर पुन्हा रीचेबल. नाहीच कळली तर ‘प्रोब’: त्या मॅकला थेट ३ वेळा विचारलं जातं. तरीही उत्तर नाही, तर ‘फेल्ड’. पुढचं पॅकेट निघालं की सगळ्यांना उद्देशून नव्याने विचारणा. म्हणजे समोरचं कार्ड गुपचूप बदललं तरी लिनक्स साधारण आठेक सेकंदांत स्वतःहून सावरतं. एका खिडकीत ‘वॉच’खाली (ही कमांड दुसरी कमांड पुन्हा पुन्हा चालवते) हे टेबल चालू ठेवा, दुसरीत पिंग मारा, आणि शब्द बदलताना बघा. पाच मिनिटांत टेबलाची भीती जाते.

काळजी करायची ती ‘इनकम्प्लीट’ आणि ‘फेल्ड’ची. तिथे विचारणा झाली पण उत्तर आलं नाही. केबल, व्हीलॅन (स्विचवर केलेली नेटवर्कची विभागणी), चुकीचा सबनेट मास्क किंवा बंद पडलेलं मशीन, तपास तिकडे करा. उलट पिंगला उत्तर नाही पण नोंद रीचेबल असेल, तर खालचा थर ठणठणीत आहे. बहुधा समोरची फायरवॉल पिंग गिळते आहे.

फ्लश म्हणजे रामबाण समजणं

नुसतं ‘आयपी नेबर फ्लश’ लिहिलं तर कमांड आर्ग्युमेंट मागते, आणि ते बरंच आहे. ‘फ्लश डेव्ह ईटीएच०’ असा इंटरफेस (नेटवर्क कार्डाचं नाव) द्या. परमनंट नोंद काढायची तर ‘आयपी नेबर डेल १९२.१६८.१.२० डेव्ह ईटीएच०’ असं नाव घेऊन काढा. डिलीट केल्यावरही ती ओळ थोडा वेळ फेल्ड म्हणून दिसू शकते. कमांड चालली नाही असं समजून पुन्हा पुन्हा मारत बसू नका.

त्याहून मोठी चूक म्हणजे भलत्याच मशीनचं टेबल पुसणं. आयपी एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवला, आणि बाहेरच्या लोकांना तो मिळेना. तुमचं टेबल कितीही स्वच्छ केलंत तरी काही होणार नाही, कारण जुना मॅक धरून बसलाय तो राउटर. सिस्कोच्या आयओएसमध्ये एआरपी नोंदीचा मूळ टाइमआउट ४ तासांचा आहे. राउटरवर हात चालत असेल तर तिथली नोंद काढा. नसेल तर नव्या मशीनवरून ‘आर्पिंग -यू -आय ईटीएच० १९२.१६८.१.२०’ मारा (यू आणि आय दोन्ही कॅपिटल). कुणी न विचारताच ‘हा आयपी आता माझ्याकडे’ अशी दवंडी पिटली जाते, आणि ऐकणारी मशीन आपली नोंद सुधारतात. एक मशीन पडलं की दुसऱ्याकडे काम सोपवणारी फेलओव्हरची सॉफ्टवेअर हेच करतात.

हाताने घातलेली नोंद विसरणं

माझी चूक वर सांगितलीच. तिची भावंडंही आहेत. ‘ॲड’ वापरलं आणि नोंद आधीच असेल तर ‘फाइल एक्झिस्ट्स’ अशी एरर येते. फाइलचा इथे काही संबंध नाही, ‘रिप्लेस’ वापरा. इंटरफेस चुकला तर कमांड मुकाट चालते, पण पॅकेट त्या वाटेने जातच नसल्यामुळे नोंद शोभेची राहते. आणि कमांडने घातलेली परमनंट नोंद नावाला परमनंट: रीबूट झालं की गायब. टिकवायची तर नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये लिहा, आणि शेजारी कॉमेंटमध्ये का घातली तेही लिहा. मला तरी आता कायमच्या नोंदीचं सबळ कारण क्वचितच सापडतं.

दूरचा पत्ता इथे शोधणं

इंटरनेटवरच्या सर्व्हरचा आयपी या टेबलात दिसणार नाही. दुसऱ्या सबनेटसाठी (नेटवर्कच्या वेगळ्या तुकड्यासाठी) फक्त गेटवेची, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरची, नोंद असते. ती बरोबर असेल तर इथलं काम संपलं, रूटिंगकडे वळा.

जुन्या ‘एआरपी’ कमांडवरच विसंबणं

‘एआरपी’ कमांड आयपीव्ही६ चे शेजारी दाखवत नाही. शिवाय -एन दिलं नाही तर प्रत्येक आयपीचं नाव शोधत बसते. नावं शोधून देणारं डीएनएसच बंद असेल तर टेबल अडकलंय असं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला घाई असते. लिनक्सवर ‘आयपी -६ नेबर’, ॲपलच्या मॅक संगणकावर ‘एनडीपी -एएन’ ही सवय लावून घ्या.

विंडोजवर ‘एआरपी -ए’ पाहिल्यावर २२४.०.०.२२ सारखे पत्ते ‘स्टॅटिक’ दिसतात आणि कुणीतरी घुसल्याची शंका येते. ते मल्टिकास्टचे (एकाच वेळी अनेक मशीनना उद्देशून असलेले) पत्ते आहेत, विंडोज स्वतःच ठेवतं. नोंद घालता-काढताना ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. विंडोज मॅक पत्ता हायफनने दाखवतं, लिनक्स कोलनने. चिकटवताना हेच विसरतं.

एकच आयपी, दोन मालक

दर थोड्या वेळाने कनेक्शन तुटतं, परत जुळतं. टेबल पाहावं तर एकाच आयपीसमोर कधी एक मॅक, कधी दुसरा. इथे टेबल बिचारं खरं तेच सांगतंय. ‘आर्पिंग -डी’ (डी कॅपिटल) त्या आयपीवर चालवा, पण ज्या मशीनकडे तो आयपी असायला हवा त्याची केबल आधी काढून. तरीही उत्तर आलं तर दुसरा मालक सापडला. मग स्विचच्या मॅक टेबलात त्याचा पोर्ट शोधा. मॅकच्या पहिल्या जोडीतला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कंपनीने छापलेला नाही, सॉफ्टवेअरने बनवलेला आहे. असं बहुधा मोबाइल किंवा व्हर्च्युअल मशीनचं असतं.

मोठं नेटवर्क, लहान टेबल

हजारो कंटेनर किंवा एकच भलामोठा सबनेट असेल आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ दिसलं, तर फ्लश मारून दहा मिनिटांची उसंत मिळते, बस. लिनक्समध्ये जीसी थ्रेश १, २ आणि ३ या मर्यादा मुळात १२८, ५१२ आणि १०२४ असतात. तिसरी कडक: ती गाठली की नवी नोंद नाकारली जाते. कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या ‘सिसकंट्रोल’ने तिन्ही एकाच प्रमाणात वाढवा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ च्या वेगवेगळ्या. मात्र आधी टेबलात फेल्ड किती आहेत ते मोजा. बहुतांश तेच असतील तर कुणीतरी अख्खा सबनेट स्कॅन करतंय, आणि मर्यादा वाढवण्याआधी ते मशीन शोधायला हवं.