टीव्हीवर ऑफेन्सिव्ह लाइन कशी बघायची (बॉल सोडून)

अमेरिकन फुटबॉलमध्ये डाउन म्हणजे काय, दहा यार्ड कशाला हवेत, टचडाउनचे पॉइंट किती हे ज्यांना कळतं, पण स्नॅप झाल्यावर (म्हणजे मधल्याने बॉल मागे देऊन डाव सुरू केल्यावर) मधोमध जो माणसांचा ढिगारा होतो त्यात काय चाललंय ते अजिबात कळत नाही, त्यांच्यासाठी लिहितोय. मी अमेरिकेत आल्यावर पहिली पाच-सहा वर्षं एनएफएल (इथली फुटबॉलची मोठी लीग) क्रिकेटसारखीच बघायचो, म्हणजे डोळे बॉलवर. इथे बॉल बघून काही कळत नाही, बॉल शेवटी कुठे पोचला एवढंच कळतं.

आधी ते पाच जण शोधा. सोपं आहे, क्वार्टरबॅकच्या (बॉल घेऊन फेकणाऱ्याच्या) पुढे वाकून उभे असलेले, जर्सी नंबर 50 ते 79. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. टॅकल नाव असलं तरी तो कुणाला पाडत नाही, उलट अडवतो, नावावर जाऊ नका. यांना पास पकडायची परवानगी नसते, या नंबरच्या कुणाला पकडायचाच असेल तर आधी रेफरीला सांगावं लागतं आणि रेफरी ते माइकवर जाहीर करतो. झालं.

मग अंगकाठी बघा. "सगळे सारखेच जाडे" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी चिडलोय. साधारण 300 ते 330 पाउंड, म्हणजे 136 ते 150 किलो, हे खरं, पण त्यातही प्रत्येक जागेची ठेवण वेगळी. टॅकल उंच, साडेसहा फुटांच्या आसपास, आणि हात लांब, कारण बाहेरून क्वार्टरबॅकवर धावून येणारा एज रशर बहुतेक वेळा समोरच्या लाइनमधला सगळ्यात चपळ गडी असतो आणि त्याला अंगाला भिडू न देता हातभर लांबच थोपवावं लागतं. गार्ड थोडा बुटका पण रुंद, कारण त्याच्या अंगावर सरळ समोरून तीनशे पाउंडाचा डिफेन्सिव्ह टॅकल (समोरच्या लाइनमधला मधला गडी) येतो, तिथे लांब हातांपेक्षा बुड जड असलेलं बरं. सेंटर बऱ्याचदा पाचात लहान, पण त्याला एका हाताने बॉल मागे देऊन त्याच क्षणी समोरच्याला भिडायचं असतं, शिवाय कुणी कुणाला धरायचं हे स्नॅपच्या आधी ओरडून सांगायचं कामही बहुतेक त्याचंच.

फिलाडेल्फिया ईगल्सची परवापरवापर्यंतची लाइन आठवा. सेंटर जेसन केल्सी, सहा फूट तीन इंच, 295 पाउंड, या कामाला हडकुळाच म्हणायचा, 2011 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सहाव्या राउंडमध्ये घेतलेला, आणि 2024 ला रिटायर होईपर्यंत धावणाऱ्याच्या पुढे पळत जाऊन लाइनबॅकरला (डिफेन्सच्या लाइनमागे उभा असतो त्याला) आडवं करण्यात त्याच्यासारखे फार थोडे. त्याच लाइनमध्ये डावा टॅकल जॉर्डन मायलाटा, सहा फूट आठ इंच, 365 पाउंड, ऑस्ट्रेलियातून रग्बी लीग खेळून आलेला, 2018 ला सातव्या राउंडमध्ये निवडला तेव्हा अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळलेला नव्हता. दोघांत 70 पाउंडांचा फरक आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्यामुळे "जो वजनदार तो भारी" असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. डेन्व्हर ब्रॉन्कोजची नव्वदच्या दशकातली लाइन लीगमधल्या हलक्या लाइन्सपैकी होती आणि तिच्याच मागून 1998 मध्ये टेरेल डेव्हिस 2008 यार्ड धावला. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला हे समजावावं लागत नाही, समोरच्याच्या खाली शिरलेला पैलवान दहा किलोने कमी असला तरी त्याला उचलतोच, इथेही ज्याचे खांदे खाली त्याचं चालतं.

आता खरी गोची. स्नॅप झाल्यावर पहिला एक सेकंद. इथे मी दोन सीझन घालवले, आणि त्यातला एक अख्खा सीझन एका फालतू सल्ल्यापायी गेला. सल्ला असा की "लेफ्ट टॅकल बघ, सगळ्यात महाग तोच." महाग का ते ठीक आहे, उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते. नोव्हेंबर 1985 मध्ये लॉरेन्स टेलरने क्वार्टरबॅक जो थाइसमन याला पाडताना त्याचा पाय मोडला, तो सॅक (फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं) अजून लोकांच्या डोळ्यापुढून जात नाही. (आता उजवीकडेही तेवढेच तगडे असतात, 2024 चा डेट्रॉइटचा पेनेई सूएल आठवा.) पण मॅच समजायला टॅकल कामाचा नाही. पास असेल तर तो बाहेरचा पाय मागे टाकत टाकत सरकतो, बरोबर, पण रन (क्रिकेटमधला नव्हे, बॉल हातात घेऊन धावायचा डाव) बाहेरच्या बाजूने काढायचा असला तरी त्याचं पहिलं पाऊल कधीकधी तिरकं मागेच पडतं, आणि तुम्ही फसता. मी फसलो, महिनोनमहिने.

गार्ड बघा. डिफेन्सचे लाइनबॅकर त्यालाच बघतात, त्यांचा पगार त्यावर चालतो, मग आपण का नाही बघायचं. दोन्ही गार्ड एकदम बघायला जाऊ नका, एक धरा. हेल्मेट वर आलं, पाठ सरळ झाली, तो मागे बसल्यासारखा झाला, तर पास. हेल्मेट खालीच राहिलं आणि तो पुढे घुसला, तर रन. पाचही जणांनी कवायतीसारखं एकाच दिशेला पाऊल टाकलं तर ती झोन ब्लॉकिंग, म्हणजे समोर कोण आलाय त्याच्याशी मतलब नाही, आपल्या पट्ट्यात जो येईल तो आपला, बऱ्याचदा दोघं मिळून एकाला धक्का देतात आणि त्यातला एक सुटून मागच्या लाइनबॅकरकडे जातो. आणि गार्ड वळून स्वतःच्याच लाइनच्या मागून दुसऱ्या बाजूला पळत सुटला, तर त्याला पुल म्हणतात, 140 किलोचा माणूस असा आडवा पळताना बघणं हे माझ्या मते या खेळातलं सगळ्यात भारी दृश्य आहे, आणि बॉल शंभरातल्या नव्वद वेळा त्याच्या मागेच जातो.

उरलेल्या दहा वेळांनी माझं नाक कापलं. मित्राच्या बेसमेंटमध्ये वीसेक माणसं, मी नुकताच शहाणा झालेलो, गार्ड पुल झालेला दिसला आणि मी सगळ्यांच्या आधी "रन, उजवीकडे!" म्हणून ओरडलो. क्वार्टरबॅकने बॉल दिल्याचं नाटक केलं, मागे वळला आणि लांब फेकला, टचडाउन. वहिनी अजूनही मॅच लागली की "भावजी, रन ना?" विचारतात. प्ले-ॲक्शन म्हणतात त्याला, लाइनवाले मुद्दाम रनसारखं खोटं करतात.

यावरचा उपाय मला कुणी सांगितला नाही, रिप्ले बघबघून सापडला, म्हणून नीट लिहितो. पहिलं पाऊल खोटं असू शकतं, तिसरं सहसा नसतं. कारण नियम. पास पुढे फेकायचा असेल तर तो सुटेपर्यंत लाइनवाल्यांना एक यार्डापेक्षा जास्त पुढे जाता येत नाही, गेले तर पेनल्टी. म्हणून प्ले-ॲक्शनमध्ये गार्ड खाली वाकून घुसल्यासारखा करतो पण तिथल्या तिथेच अडून राहतो. खरा रन असेल तर तो तीन-चार यार्ड पुढे लाइनबॅकरच्या मागे लागलेला असतो. स्क्रीन पास मात्र वेगळा दिसतो, तिथे बॉल लाइनच्या मागेच पकडतात, लाइनवाले आधी बाजूला सरकतात आणि पास सुटल्यावर पुढे पळतात. डिफेन्सवाले अचानक फारच सहज आत शिरले आणि दोन लाइनवाले बाजूला धावत सुटले की समजायचं, त्यांना मुद्दाम आत सोडलंय. आणि आरपीओ (रन-पास ऑप्शन), ज्यात स्नॅप झाल्यावर क्वार्टरबॅक ठरवतो द्यायचा की फेकायचा, त्यात लाइन खरोखरच रनचं ब्लॉकिंग करते. तिथे गार्डलाच माहीत नसतं, तुम्हाला काय कळणार, सोडून द्या.

सराव: मॅच रेकॉर्ड करा, स्नॅपनंतर एका सेकंदाने पॉज, रन का पास ते मोठ्याने बोला, मग पुढे सोडा. वीस स्नॅप. थर्ड डाउन आणि आठ यार्ड बाकी असलेले धरू नका, तिथे पास आहे हे पॉपकॉर्नवाल्यालाही माहीत असतं.

हात बघायचे ते सगळ्यात शेवटी. समोरच्याच्या छातीवर असतील तर ठीक, खांद्याबाहेर जर्सी धरलेली दिसली तर होल्डिंग, दहा यार्ड मागे. 1978 च्या आधी पास अडवताना हात असे ताठ लांब करायला परवानगीच नव्हती, त्यामुळे जुन्या क्लिप बघून शिकू नका, ते तंत्रच वेगळं.

स्टेडियममध्ये जाणार असाल तर गोलपोस्टच्या मागे, वरच्या मजल्यावर बसा, बऱ्याच ठिकाणी तिकीटही स्वस्त पडतं. तिथून लाइनमधल्या फटी उघडताना आणि बंद होताना दिसतात. मी एकदा हौसेने साइडलाइनचं महाग तिकीट काढलं होतं, तिथून पाचही जण एकामागे एक झाकले गेले आणि तीन तास मला जवळच्या टॅकलची पाठ दिसली.